ग्रिझली अस्वलाचा अधिवास आणि मानवी प्रवेशाचा प्रश्न : तीन कलाकृतींचा चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक :

वन्य प्राण्याविषयी लिहिणारा लेखक त्या प्राण्याच्या जितका जवळ जाईल तितके त्याचे लेखन अस्सल, असा एक समज निसर्गलेखनाच्या वाचकवर्गात रूढ आहे. लेखक अरण्यात किती रात्री राहिला, प्राणी त्याने किती अंतरावरून पाहिला, तो त्याच्या अंगावर कसा धावून आला, या तपशिलांवर अशा लेखनाची विश्वासार्हता जोखली जाते. उत्तर अमेरिकेतील ग्रिझली अस्वलाविषयीचे साहित्य याला अपवाद नाही. मात्र याच अस्वलाच्या संरक्षणाचे जे शास्त्र गेल्या पाच-सहा दशकांत विकसित झाले, त्याची दिशा नेमकी उलट आहे. अस्वलाच्या अधिवासात माणसाने कोठे, केव्हा, किती संख्येने आणि कोणत्या साधनाने प्रवेश करावा, याचे नियमन हा त्या संरक्षणाचा कणा मानला जातो. साहित्य वाचकाला अस्वलाजवळ नेऊ पाहते, तर संरक्षणशास्त्र त्याला फाटकापाशी थांबविते. या दोन प्रेरणांमधील ताण हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

हा ताण केवळ तात्त्विक नाही. युरोपीय वसाहतींच्या विस्तारापूर्वी आजच्या अमेरिकेच्या सलग अठ्ठेचाळीस राज्यांच्या भूभागात सुमारे ५०,००० ग्रिझली असावेत, असा अंदाज आहे. १९७५ मध्ये त्यांना कायद्याने धोक्यातील प्राणी म्हणून संरक्षण मिळाले, तेव्हा या भूभागात त्यांची संख्या जेमतेम ७०० ते ८०० उरली होती. ती आज दोन हजारांच्या पुढे गेली आहे. या वाढीमागे शिकारबंदी आणि अन्नकचऱ्याची बंदिस्त व्यवस्था यांच्याइतकाच मानवी प्रवेशाच्या नियमनाचा वाटा आहे. असे असता, अस्वलावर प्रेम करायला शिकविणारे साहित्य वाचकाला त्याच्या अधिवासात जाण्यास उद्युक्त करीत असेल, तर त्या साहित्याचे मूल्यमापन कसे करावे, हा समीक्षेपुढील खरा प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा :

निवडलेल्या तीन कलाकृतींमध्ये निवेदक आणि अस्वल यांच्यातील अंतराची मांडणी कशी होते हे पाहणे. त्या मांडणीचा प्रवेश-नियमनाच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी संबंध तपासणे. आणि ‘जवळीक’ हा निसर्गलेखनाचा निकष कितपत ग्राह्य आहे याचा विचार करणे, ही प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी फ्रँक क्रेगहेड यांचा ‘ट्रॅक ऑफ द ग्रिझली’ (१९७९) हा संशोधनवृत्तान्त, डग पीकॉक यांचे ‘ग्रिझली इयर्स’ (१९९०) हे आत्मकथन आणि वर्नर हर्झॉग यांचा ‘ग्रिझली मॅन’ (२००५) हा माहितीपट यांची निवड केली आहे. माध्यम आणि हेतू या दृष्टींनी तिन्ही भिन्न आहेत. तथापि अस्वलाच्या प्रदेशात शिरलेला माणूस हे तिघांचेही केंद्र आहे. कथा-कादंबरीचा विचार येथे केलेला नाही.

१. पार्श्वभूमी : रस्ता आणि अस्वल

ग्रिझलीच्या संरक्षणात रस्त्याला एवढे महत्त्व का, हे समजल्याखेरीज या कलाकृतींचे वाचन अपुरे राहील. ग्रिझली मादीला पहिली पिल्ले होण्यास साधारणतः पाच ते सात वर्षे लागतात. एका वेळी बहुधा दोन पिल्ले होतात आणि पुढील वितीपर्यंत सुमारे तीन वर्षांचे अंतर राहते. म्हणजे एका प्रौढ मादीचा मृत्यू ही त्या परिसरातील अस्वलसंख्येची दीर्घकाळ न भरून येणारी हानी ठरते. शिवाय या प्राण्याचा वावर शेकडो चौरस किलोमीटरवर पसरलेला असतो. वसंतात कोवळे गवत, उन्हाळ्यात रानफळे, शरदात शीतनिद्रेपूर्वीची अहोरात्र चाललेली खादाडी, असे त्याचे वर्ष अन्नाच्या मागे फिरण्यात जाते. या फिरण्याच्या वाटेवर रस्ता आला की दोन गोष्टी घडतात. सावध अस्वल रस्त्यालगतचे अन्न सोडून देते. आणि जे सोडत नाही, ते वाहन, बंदूक किंवा कचरा यांच्या तावडीत सापडते.

ब्रिटिश कोलंबियातील फ्लॅटहेड खोऱ्यात मॅक्लेलन आणि शॅकल्टन यांनी केलेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रस्त्यापासून १०० मीटरच्या आतील अधिवासाचा वापर अस्वले अपेक्षेपेक्षा कमी करतात असे आढळले. कॅनडातील बॅन्फ व योहो या राष्ट्रीय उद्यानांत १९७१ ते १९९८ या काळात मानवी कारणांनी झालेल्या ज्या ग्रिझली-मृत्यूंचे स्थळ अचूकपणे ठाऊक होते, ते सर्व रस्त्यापासून ५०० मीटर किंवा पायवाटेपासून २०० मीटरच्या आत घडले होते. अस्वल मरते ते माणसाच्या वाटेच्या कडेला, असा या अभ्यासाचा अर्थ होतो.

यातूनच नियमनाची परिमाणे तयार झाली. मोंटानातील फ्लॅटहेड राष्ट्रीय वनाच्या आराखड्यात १९९५ मध्ये केलेल्या दुरुस्तीने अस्वल-व्यवस्थापनाच्या उपविभागांसाठी तीन आकडे निश्चित केले. खुल्या वाहनरस्त्यांची घनता चौरस मैलाला एक मैलाहून अधिक असलेले क्षेत्र १९ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. एकूण वाहनरस्त्यांची घनता चौरस मैलाला दोन मैलांहून अधिक असलेले क्षेत्रही १९ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. आणि किमान ६८ टक्के क्षेत्र वाहनमार्गांपासून सुमारे ५०० मीटर दूर असलेले सुरक्षित गाभाक्षेत्र असावे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताने २००८ च्या पुनरुज्जीवन आराखड्यात गाभाक्षेत्रासाठी चौरस किलोमीटरला ०.६ किलोमीटर, तर दुय्यम क्षेत्रासाठी १.२ किलोमीटर अशी खुल्या मार्गांची मर्यादा सुचविली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८३ पासून अस्वल-व्यवस्थापन क्षेत्रे आखण्यात आली. तेथील पेलिकन खोरे १ एप्रिल ते ३ जुलै पूर्णतः बंद असते. ४ जुलै ते १० नोव्हेंबर या काळात सकाळी ९ ते सायंकाळी ७ इतकाच प्रवेश मिळतो आणि रात्रीचा मुक्काम निषिद्ध असतो. बॅन्फमधील काही वाटांवर अस्वलांच्या वावराच्या काळात किमान चार जणांनी एकत्र चालण्याचे बंधन घातले जाते.

या सर्व नियमांचा विषय अस्वल नसून माणूस आहे. त्याची वेळ, त्याची संख्या, त्याचे वाहन, त्याचे जेवण, त्याचा तंबू यांचीच मोजदाद त्यांत आढळते. साहित्यात मात्र याच गोष्टी पार्श्वभूमीला राहतात. त्या जेथे अग्रभागी येतात तेथे पुढील तीन कलाकृतींची खरी गुणवत्ता दिसते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. ‘ट्रॅक ऑफ द ग्रिझली’ : दुरून ऐकलेले अस्वल

फ्रँक आणि जॉन या क्रेगहेड बंधूंनी १९५९ मध्ये यलोस्टोनमध्ये ग्रिझलींचा अभ्यास आरंभिला. १९६१ मध्ये त्यांनी एका मादीच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधला. मॅरियन या नावाने ती प्रसिद्ध झाली. अस्वलाचा माग अशा रीतीने घेण्याचा तो आरंभीचा प्रयोग होता. या पट्ट्यामुळे निवेदनाची एक नवी शक्यता निर्माण झाली. अस्वल डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा ठोका यंत्रातून ऐकू येतो. ते कोठे आहे हे कळते आणि तरीही निरीक्षकाला त्याच्या समोर जावे लागत नाही. शीतनिद्रेच्या गुहांकडे अस्वले हिमवादळ सुरू असताना जातात व पडणाऱ्या बर्फाने त्यांच्या पावलांच्या खुणा पुसल्या जातात, हे निरीक्षण या पुस्तकातील संस्मरणीय भागांपैकी एक आहे. ज्या प्राण्याने आपली वाट झाकली त्याचा ठावठिकाणा कळल्याचा आनंद आणि ती वाट झाकण्याच्या त्याच्या हक्काबद्दलचा आदर, हे दोन्ही भाव त्या वर्णनात एकत्र नांदतात.

अर्थात ही दूरस्थता पूर्ण निर्दोष नाही. पट्टा बांधण्यासाठी अस्वलाला सापळ्यात पकडावे लागे, औषधाने बेशुद्ध करावे लागे. नंतरचे अंतर हे आधीच्या निकट स्पर्शाच्या मोबदल्यात मिळालेले असते. क्रेगहेड हे लपवीत नाहीत, परंतु त्याचा नैतिक अंगाने फारसा विचारही करीत नाहीत. संशोधक हा प्रवेशाच्या नियमाला आपोआपच अपवाद आहे, हे त्यांचे न बोललेले गृहीतक आहे.

पुस्तकाचा दुसरा आणि अधिक नाट्यपूर्ण भाग उद्यान-प्रशासनाशी झालेल्या संघर्षाचा आहे. यलोस्टोनमधील अस्वले अनेक पिढ्या हॉटेलांच्या उष्ट्यावर पोसली गेली होती. एके काळी कचऱ्यावर जमणारी अस्वले पाहण्यासाठी पर्यटकांकरिता बाके मांडलेली असत. हा खेळ १९४१ नंतर थांबला, पण कचराडेपो चालूच राहिले. ऑगस्ट १९६७ मध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी ग्रिझलींच्या हल्ल्यांत दोन तरुणी मृत्युमुखी पडल्या. मानवी अन्नाला सोकावलेल्या अस्वलांचा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही. यलोस्टोनच्या प्रशासनाने डेपो झटपट बंद करण्याचे ठरविले आणि १९७० मध्ये हेडन खोऱ्यातील ट्राउट क्रीकचा मोठा डेपो बंद झाला. डेपो टप्प्याटप्प्याने बंद करावेत, अन्यथा भुकेली अस्वले तंबूतळांकडे वळतील आणि मारली जातील, असे क्रेगहेड यांचे म्हणणे होते. पुढील काळात अनेक अस्वले खरोखरच मारली गेली. संशोधनाच्या प्रकाशनापूर्वी प्रशासनाची संमती घेण्याची अट क्रेगहेड यांनी नाकारली व १९७१ मध्ये त्यांचे उद्यानातील काम संपुष्टात आले.

समीक्षेच्या दृष्टीने या संघर्षाचे महत्त्व असे की, प्रवेशबंदीची दुसरी बाजू या पुस्तकातून पुढे येते. बंद केलेले फाटक अस्वलाचे रक्षण करते; तसेच ते प्रशासनाच्या निर्णयाला प्रतिकूल साक्षीदारापासूनही वाचवू शकते. कोणाला आत सोडायचे हे ठरविणाऱ्याच्या हाती काय उघड व्हावे हे ठरविण्याची सत्ताही येते. क्रेगहेड यांचा सूर येथे तक्रारीचा आहे, प्रतिपक्षाची बाजू त्यांच्या निवेदनात फिकी पडते आणि पुस्तकाचा तोल काही ठिकाणी ढळतो. अस्वलांना मानवी अन्नापासून तोडणे आवश्यकच होते, हे नंतरच्या दशकांनी सिद्ध केले. वाद होता तो गतीचा आणि पद्धतीचा. तरीही ज्ञानासाठी प्रवेश आणि संरक्षणासाठी प्रतिबंध या दोहोंची गाठ या पुस्तकाइतकी स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच मांडली गेली असेल.

३. ‘ग्रिझली इयर्स’ : झाकलेली स्थळनामे

डग पीकॉक हे व्हिएतनाम युद्धातून १९६८ मध्ये परतलेले सैनिकी वैद्यकीय सहायक. एडवर्ड अ‍ॅबी यांच्या ‘द मंकी रेंच गँग’ (१९७५) या कादंबरीतील हेड्यूक हे पात्र त्यांच्यावरून बेतलेले असल्याने अमेरिकी वाचकाला ते पुस्तकाआधीच परिचित होते. माणसांत मन रमत नसलेला हा माणूस यलोस्टोन आणि ग्लेशियरच्या अरण्यांत वर्षानुवर्षे फिरत राहिला, ग्रिझलींचे चित्रीकरण करीत राहिला. युद्धाच्या आठवणी आणि अस्वलांच्या भेटी यांचे आलटून पालटून येणारे निवेदन ही ‘ग्रिझली इयर्स’ची रचना आहे.

या पुस्तकात जवळीक आहे आणि धोकाही आहे. पण त्यांचा अर्थ साहसकथेतल्याप्रमाणे लागत नाही. आरंभीच्या एका भेटीत पीकॉक मोठ्या अस्वलासमोर पिस्तूल उगारतात आणि मग ते खाली घेतात. शिकारकथेत हा प्रसंग नायकाच्या औदार्याचा झाला असता. येथे तो एका सैनिकाने हत्याराचा त्याग करण्याचा प्रसंग होतो. ज्या प्रदेशात आपण सर्वांत बलवान नाही, तेथेच या निवेदकाला शांती मिळते. अस्वलाच्या उपस्थितीने आलेली नम्रता हे त्याच्या उपचाराचे साधन आहे. तेव्हा अस्वलाचा प्रदेश अबाधित राहणे ही त्याच्या दृष्टीने भूतदयेची बाब नसून आत्मरक्षणाची गरज आहे.

येथेच पुस्तकातील मूलभूत अंतर्विरोध उद्भवतो. माणसांचा राबता वाढल्याने अस्वले मागे हटतात, हे पीकॉक कळकळीने सांगतात. पण ते स्वतः वाट सोडून, बहुधा एकटे, अस्वलांच्या ऐन वावराच्या जागी जातात. बॅन्फमध्ये चार जणांच्या समूहाचा जो नियम आहे त्याच्या नेमके विरुद्ध असे हे वर्तन आहे. त्यांच्या एका वाचकाने त्यांचे अनुकरण केले तर ते कदाचित निभावेल. हजार वाचकांनी केले तर जी जागा पीकॉक यांना प्रिय आहे ती नाहीशी होईल.

पीकॉक यांना या अंतर्विरोधाची जाणीव आहे, आणि ती त्यांच्या विधानांपेक्षा त्यांच्या लेखनतंत्रात अधिक दिसते. ज्या ठिकाणी अस्वले मोठ्या संख्येने दिसत त्या जागेला ते एक गमतीदार टोपणनाव देतात आणि तिचा खरा पत्ता सांगत नाहीत. निसर्गलेखनात स्थळनामांना मोठे मोल असते. ओढा, खिंड, माळ यांची नावे घेतल्याने वर्णनाला जमीन मिळते. पीकॉक हे मोल जाणूनबुजून सोडून देतात. वनखात्याने जंगलरस्त्यावर जे फाटक घालायचे, ते लेखकाने आपल्या वाक्यात घातले आहे. वाचकाला अस्वल मिळते, अस्वलाचा पत्ता मिळत नाही. या संयमामुळे पुस्तकाचे साहित्यमूल्य उणावलेले नाही. उलट जागा निनावी राहिल्याने वाचकाचे लक्ष तेथे कसे पोहोचावे याकडे न वळता, तेथे काय घडते याकडे राहते. निसर्गलेखनाच्या नीतीचा विचार करताना या तंत्राची नोंद घेणे आवश्यक आहे.

४. ‘ग्रिझली मॅन’ : न ऐकविलेला आवाज

टिमोथी ट्रेडवेल यांनी अलास्कातील कॅटमाई राष्ट्रीय उद्यानाच्या किनारी भागात तेरा उन्हाळे अस्वलांच्या सहवासात काढले. ऑक्टोबर २००३ मध्ये ते आणि त्यांची सहचारिणी अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावले. त्यानंतरच्या शोधमोहिमेत दोन अस्वले मारण्यात आली. ट्रेडवेल यांनी मागे ठेवलेल्या शंभर तासांच्या आसपासच्या चित्रणातून आणि स्वतः घेतलेल्या मुलाखतींतून हर्झॉग यांनी हा माहितीपट रचला.

ट्रेडवेल स्वतःला अस्वलांचा रक्षक म्हणवीत. परंतु ज्या उद्यानात ते राहत ते आधीच संरक्षित होते, आणि तेथे प्रवेशाचे नियम होते. एकाच जागी दीर्घकाळ तळ न ठोकण्याचा नियम त्यांच्यासारख्यांमुळेच पुढे आला. त्यांनी तो तंबू लपवून चुकविला. शेवटच्या वर्षी ते नेहमीच्या काळाच्या पुढे, शरद ऋतूत, परत तळावर आले. ओळखीची अस्वले पांगू लागली होती आणि शीतनिद्रेपूर्वीच्या भुकेचे दिवस होते. प्रवेशाच्या नियमात जागेइतकेच ऋतूला महत्त्व का असते, याचे यापेक्षा विदारक उदाहरण सापडणे कठीण.

माहितीपटातील सर्वांत मार्मिक प्रतिक्रिया कोडियाक येथील अ‍ॅलुटिक संग्रहालयाचे तत्कालीन संचालक स्वेन हाकान्सन यांची आहे. अस्वल आणि माणूस यांच्यात एक न सांगितलेली सीमा आहे. आपल्या लोकांनी ती हजारो वर्षे पाळली आणि ट्रेडवेल यांनी ती ओलांडली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. माणसाची सवय लावणे हे अस्वलाचे नुकसान आहे, कारण पुढे भेटणारा प्रत्येक माणूस निरुपद्रवी असेल असे नाही, हेही ते सुचवितात. शासनाने आकड्यांत मांडलेला नियम येथे परंपरेच्या भाषेत उच्चारला जातो.

हर्झॉग यांची कलात्मक निवड मात्र एका वेगळ्या प्रसंगात दिसते. हल्ल्याच्या वेळी चित्रफितीच्या यंत्राच्या भिंगावर झाकण होते, पण आवाज ध्वनिमुद्रित झाला होता. माहितीपटात हर्झॉग ती फीत कानाला लावून ऐकतात. प्रेक्षकाला काहीही ऐकू येत नाही. प्रेक्षक पाहतो तो ऐकणाऱ्या दिग्दर्शकाची पाठमोरी आकृती आणि समोर बसलेल्या, ट्रेडवेल यांच्या जुन्या सहकारी स्त्रीचा चेहरा. ही फीत कधीही ऐकू नका, नष्ट करा, असे ते तिला सांगतात. ट्रेडवेल यांच्या चित्रणात कोणतेच अंतर उरलेले नाही. त्यांचा कॅमेरा अस्वलाच्या नाकापर्यंत जातो. त्याच सामग्रीवर काम करणारा दिग्दर्शक मात्र एका जागी प्रवेश नाकारतो. प्रेक्षकाच्या कुतूहलाला घातलेली ही मर्यादा म्हणजे या कलाकृतीचे नैतिक केंद्र होय.

हर्झॉग यांच्या भूमिकेवर आक्षेप घेण्यास जागा आहे. ट्रेडवेल यांना अस्वलाच्या डोळ्यांत मैत्री दिसते, तर हर्झॉग यांना केवळ उदासीनता व भूक. दोन्ही वाचने माणसाचीच आहेत. अस्वलाचे जीवशास्त्र मैत्रीचेही नाही आणि वैश्विक निर्दयतेचेही नाही. ते ऋतू, अन्न, पिल्ले आणि सवय यांचे आहे. याची साक्ष अलास्कातीलच मॅकनील नदीच्या अभयारण्यात मिळते. तेथे १९७३ पासून सोडतीने परवाने दिले जातात. मुख्य हंगामात दिवसाला दहाच अभ्यागत, सोबत जाणकार कर्मचारी, ठरलेली वाट, ठरलेली जागा आणि अन्नाची काटेकोर व्यवस्था अशी तेथील रीत आहे. सामन माशांसाठी जमणारी अस्वले अभ्यागतांपासून काही मीटरवरून निर्धास्त जातात आणि परवानापद्धती आल्यापासून तेथे अभ्यागताला इजा झालेली नाही. म्हणजे प्रश्न निव्वळ मीटरचा नाही. नियमित, अपेक्षित आणि अन्नाशी संबंध नसलेली मानवी उपस्थिती अस्वल सहन करते. स्वैर उपस्थिती त्याच्या आणि माणसाच्याही जिवावर बेतते. ‘ग्रिझली मॅन’मध्ये या तुलनेला स्थान मिळाले असते तर ट्रेडवेल यांची शोकांतिका वेडाची न राहता शिस्तीच्या अभावाची ठरली असती.

५. बाहेर कोण राहते?

तिन्ही कलाकृतींचा एकत्रित विचार करता एक समान उणीव जाणवते. ज्या अरण्यात प्रवेश मर्यादित करावा असे त्या सुचवितात, ते अरण्य मुळात निर्मनुष्य होते असे चित्र त्यांत, विशेषतः पहिल्या दोहोंत, उभे राहते. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान १९१० मध्ये स्थापन झाले. त्याच्या पूर्वेकडील भूभाग ब्लॅकफीट लोकांनी १८९५ च्या करारान्वये शासनाकडे दिलेला होता. जेथे पीकॉक यांना एकांत मिळाला तो एकांत काही अंशी माणसांना बाहेर काढून घडविलेला आहे. लगतच्या बॅजर-टू मेडिसिन या प्रदेशातील तेल व वायूचे भाडेपट्टे रद्द व्हावेत यासाठी ब्लॅकफीट लोकांनी दीर्घ लढा दिला व २०२३ मध्ये शेवटचा पट्टा संपुष्टात आला. या लढ्यात पवित्र भूमीचे रक्षण आणि अस्वलाच्या अधिवासाचे रक्षण एकाच बाजूला होते. प्रवेशाचे नियमन म्हणजे बाहेरून लादलेली बंदीच असावी लागते असे नाही, हे यावरून दिसते.

रस्तेबंदीचा भार कोणावर पडतो, हाही प्रश्न या कलाकृतींत येत नाही. जंगलरस्ता बंद झाला की लाकूडतोडीच्या कामावर जगणारा मजूर, सरपण आणणारा रहिवासी, वृद्धापकाळी वाहनाशिवाय डोंगरात जाऊ न शकणारा स्थानिक यांना ते फाटक आधी जाणवते. दूरच्या शहरातील वाचकाला ते जाणवत नाही. फ्लॅटहेड वनातील १९९५ च्या आकड्यांना झालेला विरोध या अनुभवातून आला होता. २०१८ च्या सुधारित आराखड्यात त्या आकड्यांऐवजी २०११ ची स्थिती टिकविण्याचे तत्त्व आले, आणि त्यावरही संरक्षणवाद्यांनी आक्षेप घेतले. यलोस्टोन परिसरातील ग्रिझलींचे कायदेशीर संरक्षण काढून घेण्याचे २००७ आणि २०१७ मधील निर्णय न्यायालयांनी रद्द ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये वन्यजीव विभागाने संरक्षण कायम ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. या वादांचे निराकरण साहित्याने करावे अशी अपेक्षा नाही. परंतु अरण्याचे फाटक लावताना बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाचा चेहरा साहित्याने दाखवावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

समारोप व निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ग्रिझलीच्या संरक्षणाचे शास्त्र हे प्रामुख्याने मानवी वर्तनाचे शास्त्र आहे. रस्त्यांची घनता, हंगामी बंदी, समूहाची किमान संख्या, परवान्यांची सोडत या सर्वांचा विषय माणूस आहे.

२. प्राण्याशी साधलेली जवळीक हा निसर्गलेखनाच्या मूल्यमापनाचा पुरेसा निकष नाही. ट्रेडवेल यांच्या चित्रणात ती सर्वाधिक आहे, आणि त्याची किंमत दोन माणसे व दोन अस्वले यांनी मोजली.

३. अभ्यासलेल्या तिन्ही कलाकृतींत एकेक फाटक आहे. क्रेगहेड यांच्या पुस्तकात रेडिओचा ठोका अस्वलाला न भेटता त्याचे अस्तित्व कळवितो. पीकॉक स्थळाचे नाव झाकतात. हर्झॉग मृत्यूचा आवाज प्रेक्षकापासून राखून ठेवतात. या राखून ठेवण्यानेच या कलाकृतींना त्यांचे बल मिळाले आहे.

४. फाटक ही सत्ताही आहे. क्रेगहेड यांना आलेला अनुभव आणि ब्लॅकफीट लोकांचा इतिहास हे दोन्ही, प्रवेश कोण नाकारतो व कोणाला नाकारतो, हे विचारण्यास भाग पाडतात. हा प्रश्न तिन्ही कलाकृतींत अपुरा राहिला आहे.

पेलिकन खोऱ्यात एप्रिलपासून जुलैच्या आरंभापर्यंत कोणीही अभ्यागत नसतो. त्या तीन महिन्यांत मादी पिल्लांना घेऊन गुहेबाहेर येते, बर्फ वितळते, गवत उगवते. त्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन कोणा अभ्यागताला करता येणार नाही. तरीही ते खोरे तसेच राहावे असे वाचकाला मनापासून वाटायला लावणे, हे ग्रिझलीविषयीच्या साहित्यापुढील खरे आव्हान आहे. क्रेगहेड, पीकॉक आणि हर्झॉग यांच्या कलाकृती आपापल्या मर्यादांसह त्या दिशेने काही पावले टाकतात, म्हणून त्यांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.